मोजून घ्या

‘विश्वास तर पानिपतात गेला’ हे वाक्य मराठी माणूस फसल्यावर म्हणतो, आणि कधी कधी फसायच्या आधीच सावधगिरी म्हणून म्हणतो. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजी गोळी लागून पडला, त्यावरची ही कोटी. त्याच रणांगणावर मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊही गेले, पण त्यांचं जाणं इतकं निर्विवाद नव्हतं. शिर नसलेलं धड सापडलं, ओळख खुणांवरून पटवली गेली, आणि ही बातमी पुण्याला पोचेपर्यंत तिच्यात शंकेला भरपूर जागा झाली होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी ती बातमी कधीच मान्य केली नाही. पुढे बावीस वर्षं, म्हणजे 1783 मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्या सौभाग्यवतीच्या वेषात राहिल्या.

अशा शंकेत कोणी तरी उतरणारच. काही वर्षांनी एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत पुढे आला. माधवराव पेशव्यांनी त्याची चौकशी करून त्याला किल्ल्यावर कैदेत ठेवलं. 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या किल्ल्यावर असताना तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडून भाऊसाहेब म्हणून उभं केलं. वेळ साधली होती. माधवरावांनंतर आता पुण्यात पेशवा दोन वर्षांचा, कारभार नाना फडणवीस आणि सखारामबापू यांच्याकडे, पेशवेपदाचे दावेदार रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला. हजारो माणसं तोतयाच्या मागे गेली, कोकणातले कित्येक किल्ले त्याला मिळाले. शेवटी त्याच्या फौजेचा पराभव झाला, समुद्रमार्गे पळताना आंग्र्यांनी त्याला धरलं, पुण्यात पंचांपुढे पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली.

ही गोष्ट भोळ्या लोकांची म्हणून सांगितली जाते. मला ती तितकी सरळ वाटत नाही. पानिपतात ज्यांच्या घरचं कोणी गेलं त्यांना आशा हवी होती, आणि नानांच्या कारभारावर ज्यांचा राग होता त्यांना निमित्त हवं होतं. तोतयाने दोघांचीही सोय केली. दुसरीकडे, तो खोटा ठरण्यात नानांचाही स्वार्थ होताच. म्हणजे संशय घेणारे आणि विश्वास ठेवणारे दोघेही आपापल्या गरजेने चालले होते. फरक एकाच ठिकाणी पडला. पुणे दरबाराने आपला संशय पंचांसमोर मांडला, त्याची तपासणी करवली, आणि ती एकदा नव्हे तर दोनदा झाली. तोतयाच्या अनुयायांनी मात्र आपला विश्वास तपासायला कुणाकडेही दिला नाही.

रोजच्या जगण्यातल्या संशयाचा नफातोटा मोजायचा तर याच फरकापासून सुरुवात करावी लागते. संशय घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. दूधवाल्याच्या हिशेबापासून मुलीच्या स्थळापर्यंत आपण तो घेतच असतो. घेतलेल्या संशयाचं पुढे काय करतो, त्यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या विषयाची जेवढी मशागत केली तेवढी फार थोड्यांनी केली असेल. न्यायदर्शनात ज्ञानासाठी आवश्यक असे सोळा पदार्थ मोजले आहेत. त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसरा क्रमांक संशयाचा लागतो. संशय आला नाही तर शोध सुरूच होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच यादीत वितंडाही आहे. स्वतःची बाजू कुठलीच मांडायची नाही, समोरच्याची तेवढी पाडत राहायची, असा तो वादप्रकार. संशयाने सुरुवात केलेला माणूस पुढे निर्णयाकडे जातो किंवा वितंडेत अडकतो, हे दोन्ही रस्ते त्यांनी एकाच यादीत दाखवून ठेवले.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी तर संशयाची हद्दच आखून दिली. धूर दिसला म्हणजे विस्तव असेलच कशावरून, असं विचारणाऱ्याला त्यांचं उत्तर थोडक्यात असं की, तुला धूर हवा असतो तेव्हा तू विस्तवच पेटवतोस ना? मग तुझा संशय तोंडापुरता आहे. स्वतःच्या वागण्यानेच खोडला जाईल तिथे संशय संपला. या खोडल्या जाण्याला ते व्याघात म्हणतात. श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने पुढे त्यांचाच श्लोक फिरवून उलट युक्तिवाद केला आणि तो वाद शतकानुशतकं रंगला, पण तो पंडितांचा प्रांत. आपल्या कामाला उदयनाचार्यांची कसोटी पुरे. ‘मी कुणावरच विश्वास ठेवत नाही’ असं म्हणणारा माणूस सकाळी अनोळखी चालकाच्या एसटीत बसतो, घाट उतरताना निवांत झोपतो आणि दुपारी खाणावळीत अनोळखी हातचं जेवतो. त्याचा संशय सर्वव्यापी नाही. तो निवडक आहे, आणि कुणाची निवड झाली आहे हे विचारायला हवं.

अशी निवड कुठवर जाते ते राईनपाड्यात दिसलं. राईनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्याआधी काही आठवडे मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश मोबाइलवर फिरत होते. बाजारात त्यांतल्या एकाने लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचा गवगवा झाला आणि जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आलं. देशात त्या काळात फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ जाहिरातीत मूल उचलून नेणारे लगेच परत येतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असं सांगणारा फलक धरतात. तेवढा शेवटचा भाग गाळला होता.

या घटनेनंतर अंधविश्वासावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण राईनपाड्याच्या जमावात संशय कमी नव्हता, तो ओसंडून वाहत होता. समोर उभ्या असलेल्या पाच माणसांवर टोकाचा संशय आणि कुणी बनवला हे ठाऊक नसलेल्या संदेशावर टोकाचा विश्वास, हे दोन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी नांदत होते. किंबहुना दुसरा नसता तर पहिला उभाच राहिला नसता. माणसावर संशय घेणं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याविषयी कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं असतं, आणि ते करताना आपण भोळे वागतो आहोत असं आपल्याला वाटत नाही. आपण सावध आहोत असंच वाटतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला जमण्यासारखं तेवढंच होतं.

आणि हा संशय त्या पाच जणांच्याच वाट्याला का आला, याचा इतिहास आहे. 1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरवायची, तिची नोंद ठेवायची, ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची, असा तो कायदा. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन पाळला जातो. कायदा गेला, पण पारधी वस्तीवर चोरीनंतर पहिली धाड पडायची सवय गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन 1987 साली आलं, त्यात या सवयीखाली जगणं कसं असतं ते आहे. डवरी गोसावी हे भटक्या जमातींपैकी. ज्याला पत्ता नाही, ज्याची बोली वेगळी, ज्याच्या बाजूने बोलायला गावात कोणी नाही, त्याच्यावर संशय घेणं स्वस्त पडतं. चुकला तरी घेणाऱ्याचं काही जात नाही.

हेच लहान प्रमाणात रोज आपल्या सोसायटीच्या फाटकावर चालतं. कामाला येणाऱ्या बाईची पिशवी बाहेर पडताना उघडून बघितली जाते. सभासदाच्या गाडीची डिकी कुणी उघडत नाही. अंगठी दिसेनाशी झाली की पहिलं नाव बाईचं निघतं. आठ दिवसांनी ती अंगठी पिठाच्या डब्यात सापडते, तोवर बाई काम सोडून गेलेली असते. अंगठी मिळाली हा आनंद घरभर सांगितला जातो. बाईला फोन करून हे सांगितल्याचं उदाहरण मी फारसं ऐकलेलं नाही.

इथे संशयाचा एक छुपा दोष दिसतो. तो स्वतःची चूक कळू देत नाही.

जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठातले डेटलेफ फेचेनहाउअर आणि अमेरिकेतले डेव्हिड डनिंग यांनी 2010 मध्ये यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांच्या छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि विचारायचं, या माणसाच्या हाती पैसे द्याल का? घेणारा ते वाढवून परत करू शकत होता किंवा सगळे खिशात घालू शकत होता. बहुतेकांनी माणसांच्या प्रामाणिकपणाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी लावला. मग दोन गट केले. एका गटाला, ज्यांच्यावर विश्वास टाकला फक्त त्यांचा निकाल कळला. दुसऱ्या गटाला सगळ्यांचा कळला, ज्यांना नकार दिला त्यांचाही. दुसऱ्या गटाचा अंदाज सुधारला, पहिल्याचा सुधारला नाही. कारण उघड आहे. विश्वास टाकून फसलो की फटका बसतो आणि तो आयुष्यभर लक्षात राहतो. नकार दिलेला माणूस प्रामाणिक होता, हे सांगायला मात्र कोणी येत नाही. ज्या भाडेकरूला आडनाव ऐकून घर नाकारलं तो दुसरीकडे दहा वर्षं वेळेवर भाडं भरत राहिला, ही बातमी घरमालकापर्यंत पोचत नाही. म्हणून संशयी माणसाचा अनुभव वर्षानुवर्षं एकाच बाजूने साठत जातो आणि तो त्यालाच शहाणपण समजतो. ‘मी जग बघितलंय’ असं तो म्हणतो. त्याने अर्धंच बघितलेलं असतं.

अशा माणसाला समाजात मानही असतो. प्रत्येक घराण्यात एक काका असतात, लग्नाची बोलणी असोत की जमिनीचा व्यवहार, ‘यात काहीतरी गोम आहे’ हे त्यांचं वाक्य ठरलेलं. गोम निघाली तर काका द्रष्टे; नाही निघाली तर ‘काकांनी आधीच बजावलं म्हणून ते लोक सरळ वागले’. काका चुकूच शकत नाहीत अशी ही रचना आहे. ओल्गा स्ताव्रोवा आणि डॅनियल एलेब्राख्ट यांनी 30 देशांतल्या सुमारे दोन लाख लोकांची माहिती तपासून 2019 मध्ये दाखवलं की लोक संशयी माणसाला हुशार समजतात, पण बौद्धिक चाचण्यांमध्ये अशी माणसं सरासरीने मागे पडतात. एक बारकावा त्यात महत्त्वाचा आहे. हुशार माणसंही जिथे भ्रष्टाचार खरोखर जास्त आहे तिथे संशय बाळगतात. तसं कारण नसताना बाळगत नाहीत. परिस्थिती पाहून संशय घेणं ही कुवत झाली, आणि स्वभावाने घेणं ही पुष्कळदा न शिकण्याची सोय.

मग चेहरा पाहून माणूस ओळखता येतो, या दाव्याचं काय? चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये शेकडो अभ्यासांतले, चोवीस हजारांहून अधिक लोकांचे निर्णय एकत्र केले. समोरचा खरं बोलतो की खोटं, हे लोकांना 54 टक्के वेळा बरोबर सांगता आलं. नाणं उडवलं असतं तर 50 टक्के जमलंच असतं.

माणसं आपण समजतो तितकी वाईट नाहीत, याचा एक मोठा पुरावा 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. भारतासह 40 देशांतल्या 355 शहरांत संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटं बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेलं अशा ठिकाणच्या खिडकीवर नेऊन दिली. रस्त्यात सापडलं, मी घाईत आहे, तुम्हीच बघा, असं सांगून निघून यायचं. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. बिनपैशाच्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्क्यांच्या मालकाशी संपर्क साधला गेला. पैसे असलेल्यांपैकी 51 टक्क्यांच्या. पैसे असले की परत येण्याचं प्रमाण घटेल असं भाकीत सामान्य लोकांनी केलं होतं, घडलं उलटं. अर्थात पैसे असलेल्या जवळपास निम्म्या पाकिटांच्या मालकांशी कुणी संपर्क साधलाच नाही, हाही याच प्रयोगाचा निष्कर्ष आहे आणि तो विसरून चालणार नाही. माणूस चांगला आहे एवढ्यावर भिशी चालत नाही.

भिशी चालते ती वेगळ्याच कारणाने. चिठ्ठी सगळ्यांच्या देखत उचलली जाते. ती लहान मुलाच्या हातून काढून घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. बँकेच्या खिडकीवर ‘पैसे मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही’ अशी पाटी असते. रोखपालावर संशय घेतला असं त्यामुळे कुणाला वाटत नाही, कारण प्रत्येकानेच मोजायचं असतं. धनादेशावर दोन सह्या, गृहनिर्माण संस्थेचं लेखापरीक्षण, मतदान केंद्रावर पक्षांचे प्रतिनिधी, हे सगळे संशयाचेच प्रकार आहेत. फक्त तो एका माणसावरून उचलून पद्धतीत ठेवला आहे. सर्वांवर सारखा पडतो म्हणून तो टोचत नाही, आणि मोजून झालं की संपतो.

दख्खनमध्ये हे कायद्याने करून पाहिलं गेलं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं, रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या आणि दंग्यांचं लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. तोवर कोर्टाचा खाक्या असा होता की खतावर अंगठा आहे ना, मग रक्कम खरी. निरक्षर शेतकऱ्याने काय वाचून अंगठा दिला, हे कोण विचारणार? 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब काढायचा अधिकार दिला, खतं गावच्या निबंधकासमोर करायची अट घातली, सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचं बंधन आणलं. कागदावर संशय घेण्याची ही सरकारी सोय होती आणि अनेक कुळांना तिचा उपयोग झाला. त्याचबरोबर कर्ज मिळणं अवघड झालं आणि सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले, अशा तक्रारीही पुढे होत राहिल्या. तपासणीची किंमत कुणाला तरी भरावी लागतेच.

घरगुती व्यवहारात अडचण येते ती इथेच. मेहुणा कर्जाला जामीन राहा म्हणतो. आपण कागद मागितला की तो विचारतो, “माझ्यावर भरवसा नाही का?” या प्रश्नापुढे भलीभली माणसं सही करून मोकळी होतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते, बँक थेट जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते, हे तेव्हा कुणी सांगत नाही. भरवशाचा प्रश्न आणि हप्त्याचा प्रश्न वेगळे आहेत. मेहुणा सज्जन असला तरी त्याचा धंदा बुडू शकतो. ‘तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे, म्हणूनच आकडे दाखवायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही’ असं म्हणता आलं तर संबंध टिकतात आणि घरही टिकतं. म्हणणं अवघड आहे, मान्य. पण अवघडलेपणाचे दहा क्षण आणि दहा वर्षांचा अबोला यांत निवड करायची झाली तर मी पहिलं घेईन.

फसवणारे लोक हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. सध्याच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनची रचना पाहा. पलीकडचा पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगतो, गणवेशात दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचं बजावतो. मग तीन गोष्टी सांगतो: फोन बंद करायचा नाही, घरात कुणाला बोलायचं नाही, बँकेतल्या लोकांवर विश्वास ठेवायचा नाही कारण तेही सामील असू शकतात. तो तुमचा संशय मारत नाही, त्याची दिशा बदलतो. जे तपासून देऊ शकले असते, म्हणजे मुलगा, शेजारी, बँकेतली ओळखीची बाई, त्या सगळ्यांवर तो संशय वळवतो आणि स्वतःपुरता विश्वास शिल्लक ठेवतो. राईनपाड्याला फिरणाऱ्या संदेशाने जे केलं, तेच इथे एका माणसाच्या बाबतीत फोनवर केलं जातं. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर यात लाखो रुपये घालवून बसले आहेत, आणि ते भोळे होते असं म्हणणं म्हणजे या युक्तीची ताकद न ओळखणं आहे.

भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही. असा फोन आला तर तो कापा, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगा आणि ज्या कचेरीचं नाव घेतलं गेलं तिचा क्रमांक स्वतः शोधून तिथे विचारा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त.